जुन्या धन्याची हाक

हे वाचता वाचता एक करा. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी यांची टोकं एकमेकांना लावा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध, कातडीखाली एक दोरी टरारून वर आली असेल. नसेल आली तरी घाबरू नका. काही माणसांना ती जन्मापासूनच नसते आणि तिच्यावाचून त्यांचं काही अडत नाही. मला उजव्या हातात आहे, डाव्यात नाही. जन्मभर लोकांचे हात चालते केले आणि माझ्याच एका हातात एक दोरी कमी!

ही दोरी म्हणजे कंडरा. स्नायूचं टोक हाडाला बांधणारी पांढरी, चिवट दोरी. तिच्यामुळेच आज लिहायला बसले आहे.

सत्तरच्या दशकात मी सांगलीजवळच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडात बसत नसे. आमच्या खोलीला सगळे ‘शेकायची खोली’ म्हणत आणि मला ‘शेकायच्या बाई’. माझ्या सासूबाईंनी शेजारणीला सांगून ठेवलं होतं, "सून दवाखान्यात मालिश करते." मी साताऱ्याची, जिभेला धार असलेली. पहिली दोन वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगितलं, मग सोडून दिलं.

काम काय, तर सर्जननं हाड जुळवायचं, शिवायचं, बांधायचं आणि मग तो अवयव आमच्या हवाली करायचा. जुळलेलं हाड म्हणजे चालता पाय नव्हे. हाड आपण होऊन हलत नाही, त्याला स्नायूनं ओढावं लागतं. आणि स्नायूला फक्त ओढताच येतं, ढकलता येत नाही. हात वाकवायला एक स्नायू, सरळ करायला त्याच्या उलट्या बाजूचा दुसरा. एकानं ओढलं की दुसऱ्यानं बेतानं सैल सोडायचं. आपण चहाची कपबशी उचलतो तेव्हा खांद्यापासून बोटांपर्यंत असे कितीतरी जण ओढत असतात आणि सोडत असतात, आणि चहा सांडत नाही. चाळीस वर्षं झाली, मला अजून याचं नवल वाटतं.

पहिली गोष्ट सुभेदारांची. सातारा जिल्ह्यातले, फौजेतून पेन्शनवर आलेले. जीपवरून पडून गुडघ्याजवळचं हाड मोडलं होतं. प्लास्टर कापलं तेव्हा मी तिथंच होते. त्यांनी खाली पाहिलं, दुसऱ्या पायाकडे पाहिलं आणि एकदम खवळले.

"ह्यो पाय माजा न्हाई."

"सुभेदारसाहेब, तुमचाच आहे."

"बाई, माजा पाय मला म्हाईत न्हाई व्हय? ह्ये कुणाचं तरी काटकुळं लावलंय हितं!"

खरंच मांडी निम्मी झाली होती. कुणालाही धक्काच बसतो. काही आठवडे काम दिलं नाही तर शरीर स्नायू झिजवायला लागतं, मागाहून हाडही विरळ करतं. पण काम मागितलं की तितक्याच इमानानं पुन्हा भरून देतं. हे मी त्यांना सांगितलं आणि म्हटलं, आता पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळा. त्यांना ते जमेना. कपाळावर घाम आला, दात आवळले गेले, मांडी थंड. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला गप्प बसायला सांगितलं, मांडीकडे रोखून पाहिलं आणि खोली दणाणेल असं ओरडले, "सावऽधान!"

मांडी ताठ झाली. गुडघ्याची वाटी सर्रकन वर सरकली.

"इश्राम!" वाटी खाली आली.

आम्ही सगळे पोट धरून हसलो. सुभेदार महिनाभर रोज सकाळी मांडीची कवायत घेत होते आणि काठी न घेता घरी गेले. मी ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी रंगवून सांगितली, हशे मिळवले. त्या पायानं मला काय शिकवलं होतं, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. ते कळायला जत तालुक्यातून एक बाई यावी लागली.

तिचं नाव मायव्वा. धनगराची, पस्तिशीतली. बहात्तरच्या दुष्काळातून अर्धीअधिक मेंढरं घालवून सावरत असलेलं घर. बिऱ्हाड लादलेलं घोडं अंगावर पडून तिचा उजवा दंड मोडला होता. गावात कुणीतरी बांबूच्या कांब्या बांधल्या, हाड नीट सांधलं. पण दंडाच्या हाडाला वेढा घालून एक मज्जातंतू जातो, तो मोडलेल्या टोकानं तेव्हाच तुटला होता. मनगट आणि बोटं वर उचलणाऱ्या सगळ्या स्नायूंना हुकूम नेणारी ती एकच तार. दीड वर्ष तिचा पंजा मनगटापासून खाली लोंबत होता.

"मूट तर वळतीया की अक्का," ती मला म्हणाली. माझ्यापेक्षा थोरली, तरी पहिल्या दिवसापासून मला अक्का म्हणे. "पर धरल्यालं ऱ्हात न्हाई. काटी बी सुटती."

का सुटते, तेही करून बघा. मनगट पूर्ण खाली वाकवा आणि तसंच ठेवून मूठ घट्ट आवळा. जोर येत नाही ना? मुठीची ताकद मनगट वर उचलण्यावर उभी असते. आणि खरं सांगायचं तर बोटांना हलवणारे जे मोठे स्नायू, ते बोटांत नसतातच. कोपराखाली हात धरून बोटं हलवा, तिथं हालचाल लागेल. तिथून लांब दोऱ्या मनगटाखालून, मनगटावरून जाऊन बोटांना ओढतात. दूर बसलेल्या स्नायूनं ओढायचं आणि इकडे सुईत दोरा ओवला जायचा!

आमच्या सर्जननी ठरवलं, तार जोडण्याची वेळ गेली, आता दोऱ्या बदलायच्या. तळहाताच्या बाजूला तिचे स्नायू शाबूत होते. त्यातल्या तिघांची टोकं जुन्या जागेवरून सोडवायची, कातडीखालून हाताच्या मागच्या बाजूला वळवायची आणि मेलेल्या स्नायूंच्या दोऱ्यांना शिवायची. तळहात पालथा करणारा स्नायू आता मनगट उचलणार. करंगळीकडे मनगट वाकवणारा बोटं उघडणार. आणि सुरुवातीला तुम्ही शोधलीत ती जास्तीची दोरी अंगठ्याला. मी ऑपरेशन बघायला उभी होते. ओल्या मोत्यासारखी चकाकणारी ती दोरी पातळ, बुळबुळीत पडद्यातून सुळ्ळकन बाहेर आली तेव्हा मी हात जोडायचीच बाकी होते.

आमच्या कामात त्या पडद्याची भीती फार. दोरीभोवतीचा हा नाजूक वेष्टनाचा पदर तिला सरकू देतो म्हणून हात चालतो. पण जखम झाली की हाच पदर सगळं एकमेकांना चिकटवायला धावतो. जखम भरते ती त्यानंच, आणि हात अडकतो तोही त्यानंच. म्हणून प्लास्टर निघाल्यावर दोरी वेळेत सरकायला लागली पाहिजे. नाहीतर केलेलं सगळं पाण्यात.

प्लास्टर भाद्रपदात निघालं. मायव्वाचा नवरा बिरा एका कोपऱ्यात उकिडवा बसला होता.

"दिवाळी झाली की आमचा वाडा निगतो बाई," तो म्हणाला. वाडा म्हणजे त्यांची चार-पाच बिऱ्हाडं आणि त्यांची मेंढरं. पावसाळ्यापुरती गावाकडे येतात, मग चारा शोधत घाटाकडे चालू लागतात. "ह्या हातानं हिला न्हेता यायची न्हाई. घोडं बांदायचं, कोकरू धरायचं, मेंढरांभवती जाळ्याची वागूर ठोकायची. गेल्या साली भावाकडं ठिवली."

बिरा बाहेर गेल्यावर मायव्वा म्हणाली, "भावजय जेवाय घालती अक्का. पर भितीकडं बघत बसायचं. मला छपराखाली झोप येत न्हाई."

म्हणजे दिवाळीपर्यंत हात चालायलाच हवा होता.

तिच्याजवळ एक टकळी होती, लोकर कातायची. हात लोंबायला लागल्यापासून तिच्यावर सूत निघालं नव्हतं, तरी पिशवीत असायची. वॉर्डात ती हातात घेऊन बसलेली दिसली आणि मी काढून घेतली. कारणं माझ्याकडे दोन. लोकरीचा कचरा आणि नव्या टाक्यांना बसणारा हिसका. पेशंटच्या अशा वस्तू मी एका कपाटात कुलूप लावून ठेवत असे. मायव्वानं टकळी दिली आणि कपाटाकडे पाहत राहिली.

मग शिकवणी सुरू झाली. अशा हाताला शिकवायची रीत पुस्तकात दिलेली असते. स्नायूचं जुनं काम करायला सांगायचं, म्हणजे तो ओढतो आणि नवं काम आपोआप होतं. मी अगदी तसंच सांगितलं. "मायव्वा, तळहात पालथा घाल." तिनं कोपर बाहेर काढलं, खांदा फिरवला, तळहात पालथा झाला आणि मनगट लोंबतच राहिलं. खांद्यानं चोरी केली. दीड वर्षं तिनं सगळं खांद्यानंच निभावलं होतं, शरीराला तीच सवय. मी कोपर दाबून धरलं, तर सगळा हात लाकडासारखा ताठ झाला. ती कानडीत आकडे मोजायची, वंदू, येरडू, मूरू, आणि प्रत्येक आकड्याला काहीही घडायचं नाही.

तीन आठवडे असे गेले. नवरात्र बसलं. डॉक्टरांनी हात तपासला आणि मला बाजूला घेतलं.

"टाका सुटलाय किंवा दोरी चिकटलीय. दसऱ्यापर्यंत बघू. नाहीतर पुन्हा उघडावं लागेल."

पुन्हा उघडणं म्हणजे पुन्हा प्लास्टर, आणि वाडा तिला सोडून निघून जाणार. मी घरी येऊन जेवले नाही. मला वाटत होतं, डॉक्टरांचे टाके पक्के आहेत आणि चूक माझ्याकडे आहे. पण कुठं, ते समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी व्यायाम घेण्याची मला हिंमतच झाली नाही. मी नुसती तिच्यासमोर बसले आणि तिच्या हातावर शाईच्या पेनानं रेघा ओढून पहिल्यांदाच नीट सांगितलं, आत काय केलंय ते. हा स्नायू इथं होता, त्याचं हे काम होतं, त्याला इथून नेऊन इथं लावला. इतके दिवस मी हुकूम सोडत होते. तिला काहीच सांगितलेलं नव्हतं, हे लिहायला आजही लाज वाटते.

तिनं रेघांकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हंजी बाजारातनं आणल्यालं मेंढरू हाय ह्ये."

"कसं?"

"इकत आणल्यालं मेंढरू आमच्या कळपात येतंय, पर आमच्या हाकंला वळत न्हाई. कितीबी बोंबला. त्येला जुन्या धन्याची हाक कळती. मग आमी बाजारातच त्या धन्याला इचारून घेतो, तू कसा बलवत हुतास रं गड्या? आन आट-पंदरा दिस त्याच हाकंनं बलवायचं. हळूहळू त्यात आपली मिसळायची."

मी म्हटलं, "मायव्वा, मी तेच करतेय. तळहात पालथा घाल, ही त्याची जुनी हाक आहे."

"ती तुमची हाक झाली अक्का," ती शांतपणे म्हणाली. "मी कवा कुणाच्या सांगण्यावरनं हात पालथा घातलाय?"

मला सुभेदारांचं ‘सावधान’ आठवलं, तीही त्या मांडीची जुनी हाकच होती. ती डोळे बारीक करून विचार करत होती. डावा हात उचलून बगलेत काहीतरी धरल्यासारखा केला. मग म्हणाली, "कपाटातली टकळी द्या."

मी कपाट उघडलं. टकळी तिच्या उजव्या हाताच्या बोटांत दिली, माझा एक हात तिच्या मनगटाखाली आधाराला धरला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं तिच्या कोपराखाली, त्या हलवलेल्या स्नायूवर ठेवली. लोकर नव्हतीच. डाव्या हातात तिनं लोकर असल्याचं सोंग घेतलं. कातताना उजवं कोपर अंगाला चिकटलेलंच असतं, त्यामुळे खांद्याला चोरी करायला वाव नव्हता. तिनं डोळे मिटले. आता ती खोलीत नव्हती, कुठल्या तरी माळावर मेंढरांमागं चालत होती. आणि टकळीला पीळ देताना तळहात पालथा होतो तसा तिनं हाताला झटका दिला.

माझ्या बोटांखाली स्नायू जागा झाला. त्याच्या पुढची दोरी, जिथं ती जन्मात कधी नव्हती अशा वाटेवर, कातडीखाली ताणली गेली. आणि मनगट माझ्या हातावरून उचललं गेलं. फार नाही, बोटभर. टकळी खाली पडून घरंगळत गेली.

मायव्वानं डोळे उघडले. "तुमी उचललासा व्हय?"

"नाही गं. तू उचललंस."

"खरं?"

"माझा हात खालीच आहे, बघ."

तिनं पुन्हा केलं. पुन्हा उचललं गेलं. तिसऱ्या वेळी मला नीट दिसेना, डोळे भरून आले होते. मायव्वा हसत होती आणि कानडीत मनगटाशी काहीतरी बोलत होती, कोकराशी बोलतात तसं. डॉक्टरांना बोलावलं. ते दारात उभे राहिले, दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा स्वतः बसून करायला लावलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "टाके माझेच आहेत ना हे?"

पुढचं तिच्या रीतीनं केलं. आठ दिवस टकळी हातात घेऊन. मग टकळी न घेता, पण मनात धरून. मग हाक मिसळायची, टकळी म्हणत म्हणत ‘वर’. बोटांच्या आणि अंगठ्याच्या दोऱ्यांसाठीही तिनंच आपल्या हाताची जुनी कामं आठवून काढली, मेंढीचं दूध काढायची, दावं पिळायची. दिवाळीच्या तोंडावर एक दिवस ती खाटेवर बसून शेजारणीशी गप्पा मारत होती. बोलता बोलता तिनं पाण्याचा तांब्या उचलला. मनगट वर, मूठ घट्ट. तिला काही कळलंसुद्धा नाही, गप्पा चालूच. मी दारात खिळून उभी राहिले. पस्तीस वर्षं एका कामाला असलेला स्नायू, त्याला माणसानं उचलून भलतीकडे शिवला, आणि मेंदूनं अडीच महिन्यांत सगळा कारभार नव्यानं मांडून दिला. वर त्याचा गाजावाजाही नाही. देव कुठं बघितला असं मला कुणी विचारलं तर मी त्या तांब्याचं नाव घेईन.

तिला निरोप दिल्यावर मी ते कपाट रिकामं केलं. आत एक बासरी होती, एका गवंड्याची करणी होती आणि सुताचं एक रीळ होतं. रीळ माधवनगरच्या गिरणीतल्या एका विणकराचं. बोटांच्या दोऱ्या कापल्या होत्या त्याच्या. तो मला म्हणायचा, "बाई, तुटलेला धागा गाठायला द्या, बोटं आपोआप चालतील." मी त्याच्या हातात रबरी चेंडू दिला होता. तो आखडलेली बोटं घेऊन घरी गेला, आणि रीळ मागायचं विसरला. मी नंतर निरोप धाडला, पण तो गाव सोडून गेला होता. ते रीळ अजून माझ्याकडे आहे. त्यानंतर मी कुणाची वस्तू कुलपात ठेवली नाही. नवा पेशंट आला की पहिला प्रश्न, हा हात आधी काय करत होता?

दीडेक वर्षानं मी बसनं साताऱ्याला माहेरी निघाले होते. कराडच्या अलीकडे मेंढरांनी रस्ता अडवला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. खिडकीतून पाहिलं तर कळपाच्या बाजूला मायव्वा. काखेत कोकरू, कमरेला टकळी खोचलेली. मी धावत खाली उतरले. कंडक्टर माझ्या नावानं ओरडायला लागला होता.

ती एका चुकार मेंढीला वळवत होती. जीभ टाळूला लावून काढलेला वेगळाच आवाज, आणि उजवा हात डोक्यावर उंच, मनगट ताठ, पाची बोटं उघडी. मेंढी थांबली, वळली आणि कळपात शिरली.

"नवी हाय," मला पाहून ती म्हणाली, जणू आम्ही कालच भेटलो होतो. "अजून जुन्या धन्याचीच हाक लागती. अक्का, लय वाळलीस गं!"

मी म्हटलं, "माझं राहू दे. हात कसा आहे?"

मायव्वानं कोकरू खाली सोडलं. दोन्ही हात पुढे धरून तिनं आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे पाहिलं, आणि गोंधळून मला विचारलं,

"कुटला?"